कादंबरी आवडली, पण लिहायचं काय?

पुस्तक संपलं की आपण लिहितो "मस्त आहे, नक्की वाचा". मी पण वर्षानुवर्षं हेच करायचे, मग एकदा मावशीने विचारलं अगं मस्त म्हणजे काय, आणि मला काही सांगताच येईना, सगळं पुस्तक डोक्यात होतं पण तोंडातून एक धड वाक्य निघेना. तेव्हापासून जी सवय लावून घेतली ती सांगते.

वाचतानाच एक चिठ्ठी आणि पेन्सिल जवळ ठेवा. गोष्ट उतरवायला नाही हं. जिथे वाचता वाचता तुम्ही थांबलात, पुस्तक मांडीवर उपडं ठेवून नुसतेच बसलात, त्या पानाचा नंबर टाका, बस. परवा मी व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी परत वाचली, 1955 ची कादंबरी, एवढीशी आहे, माझ्या चिठ्ठीवर चारच नंबर होते.

आता त्यातला एकच नंबर घ्या आणि तिथे काय दिसलं ते लिहा. मी वाडीतल्या शेकूच्या प्रसंगाचा घेतला. पेरणीचे दिवस, त्याच्याकडे जोडीला दुसरा बैल नाही, आणि वाडीवरच्या शाळेच्या मास्तरला दिसतं की जुवाखाली एका बाजूला बैल आहे आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. मी आधी लिहिलं होतं "ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण". खोडलं! पुस्तक न उघडता पण कोणीही लिहील हे वाक्य. मग लिहिलं की इथे मला पुढचं पान उलटवेना, मी परत वर जाऊन वाचलं की खरंच बाईच आहे ना. हे माझं झालं. तुमच्याकडे दुसरंच काहीतरी येईल आणि तेच यायला पाहिजे.

गोष्ट कोण सांगतंय ते एका ओळीत नक्की लिहा, लोक हे विसरतात. इथे तरुण मास्तर स्वतः सांगतोय, धनगरांच्या वाडीवर तो नवखा आणि आपणही नवखे, म्हणून कारभारी, आनंदा रामोशी ही माणसं आपल्याला त्याच्याइतकीच हळूहळू कळतात.

बाहेरची माहिती घालायचीच तर अशी घाला की वाचताना काहीतरी उलगडेल. म्हणजे हा मुलूख औंध संस्थानातला, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, हे माहीत असलं की वाडीत तालीम बांधायचा खटाटोप आणि तिथे राजेसाहेब येणं याला वेगळाच रंग चढतो. लेखकाचे पुरस्कार वगैरे यादी नको, ती कुठेही मिळते.

आणि हे सगळं दोन दिवसांच्या आत लिहा, नंतर फक्त "आवडलं" एवढंच उरतं, खरंच. काही खटकलं असेल तर तेही लिहा, पण पान दाखवून.

शेवट सांगायचा का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझा नियम असा की शेवट कशामुळे येतो तिथपर्यंत जायचं, पुढे नाही. वाडीवर दुष्काळ येतो एवढं मी लिहिलं आणि पेन ठेवलं.