टर्मिनलवरून स्वतःचा डीएनएस सर्व्हर कसा चालवावा

साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगण्याचं काम डीएनएस करतं. डोमेन घेतल्यावर बहुतेक जण त्याचे रेकॉर्ड (कोणत्या नावाला कोणता पत्ता, मेल कुठे जाणार अशा नोंदी) डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या पॅनलवरच ठेवतात, आणि छोट्या साइटला तेवढं पुरतं. पण डोमेन वाढले, मेल सर्व्हर आपला झाला, रोज काहीतरी बदलायला लागलं की सगळं स्वतःच्या हातात असलेलं बरं. त्यासाठी लिनक्सचं एक छोटं मशीन, त्याला कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता आणि बाइंड हे सॉफ्टवेअर एवढंच लागतं. बाइंडचा जन्म १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात झाला. आता इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था ते सांभाळते. झोन फाइल, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची फाइल, लिहायची पद्धत १९८७ सालीच ठरली आणि आजही तीच चालते, त्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा (मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे).

सर्व्हर बसवा आणि आधी दारं बंद करा

डेबियन किंवा उबंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ या कमांडपुढे बाइंड९, बाइंड९-युटिल्स आणि बाइंड९-डीएनएसयुटिल्स ही तीन पॅकेजं द्या. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस नेम्ड’ने सर्व्हर उठला का ते कळेल (नेम्ड हे बाइंडच्या सेवेचं नाव).

पुढचं काम डोमेनचं नाही, सुरक्षेचं. बाइंडच्या ऑप्शन्सच्या फाइलमध्ये (नेम्ड.कॉन्फ.ऑप्शन्स) ‘रिकर्शन’ची किंमत ‘नो’ ठेवा. आपला सर्व्हर फक्त आपल्या डोमेनची उत्तरं देणार आहे, जगातल्या इतर नावांचा शोध घेणार नाही. हे उघडं राहिलं तर हल्लेखोर दुसऱ्याचा पत्ता लावून छोटा प्रश्न पाठवतात आणि आपला सर्व्हर त्या बिचाऱ्यावर मोठमोठी उत्तरं फेकत बसतो. ‘अलाउ-ट्रान्स्फर’मध्ये फक्त आपल्या सेकंडरी सर्व्हरचा, म्हणजे झोनची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा, पत्ता लिहा, बाइंडच्या जुन्या आवृत्त्यांत मागेल त्याला पूर्ण झोन मिळतो. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपीसाठी उघडा आणि टीसीपीसाठीही. दुसरं हमखास विसरलं जातं. मग मोठी उत्तरं अडकतात आणि झोनची प्रत सेकंडरीकडे जातच नाही.

झोन फाइल

लोकल कॉन्फिगच्या फाइलमध्ये (नेम्ड.कॉन्फ.लोकल) झोनचं नाव, ‘टाइप प्रायमरी’ (झोनची मूळ प्रत याच सर्व्हरवर) आणि झोन फाइलचा पूर्ण पाथ लिहा. कंसातल्या प्रत्येक ओळीनंतर आणि शेवटच्या महिरपी कंसानंतरही अर्धविराम हवा.

झोन फाइलच्या डोक्यावर टीटीएल येतो, म्हणजे बाहेरच्यांनी उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ते, समजा ३६०० सेकंद. मग झोनची मूळ माहिती देणारं एसओए रेकॉर्ड: मुख्य सर्व्हरचं नाव, जबाबदार माणसाचा ईमेल (त्यात @च्या जागी टिंब), सीरियल (झोनच्या आवृत्तीचा आकडा) आणि चार मुदती. त्याखाली एनएस (डोमेनचे डीएनएस सर्व्हर), ए (नावाचा आयपी पत्ता), एमएक्स (मेल सर्व्हर) वगैरे. आपल्या डीएनएस सर्व्हरचं नाव, समजा एनएस१, आपल्याच डोमेनमधलं असेल तर त्याचा आयपी पत्ता रजिस्ट्रारकडेही ग्लू रेकॉर्ड म्हणून नोंदवावा लागतो. नाहीतर त्याच्यापर्यंत कुणी पोचणारच नाही.

नावाच्या शेवटच्या टिंबाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘एनएस१.एक्झाम्पल.कॉम’ लिहून पुढचं टिंब राहिलं तर बाइंड त्याला झोनचं नाव आणखी जोडतो आणि होतं ‘एनएस१.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम’. पूर्ण नाव लिहिलंत तर टिंब हवंच, नुसतं ‘एनएस१’ लिहिलंत तर नको.

डोमेन ‘.भारत’मधलं असेल, म्हणजे देवनागरीतलं, तर झोन फाइलमध्ये ते देवनागरीत लिहू नका. एक्स, एन आणि दोन जोडरेघा यांनी सुरू होणारं त्याचं प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतलं, रूप तिथे लागतं.

सीरियल

सेकंडरी सर्व्हर झोनमधला मजकूर वाचून ठरवत नाही, तो सीरियलचा आकडा बघतो. आकडा वाढला असेल तरच नवी प्रत घेतो. तुम्ही रेकॉर्ड बदललात आणि सीरियल तसाच ठेवलात, की प्रायमरी नवं सांगतो, सेकंडरी जुनं. काहींना साइट दिसते, काहींना दिसत नाही, आणि दोष नेटवर्कवर जातो. म्हणून वर्ष-महिना-दिवस आणि पुढे दोन अंकी क्रम ही पद्धत पाळा: २०२५०३१४०१, त्याच दिवशी पुन्हा बदल केला तर २०२५०३१४०२.

वर्षाच्या अंकांची अदलाबदल होऊन २०५२०३१४०१ पडलं तर? आकडा कमी केला तर सेकंडरी ऐकणार नाही. त्यात २१४७४८३६४७ मिळवा, म्हणजे ४१९९५१५०४८ होईल. सगळ्या सेकंडरींनी तो उचलला की मग २०२५०३१४०२ लिहा. सीरियलची मोजणी ३२ बिटांत गोल फिरते, त्यामुळे हा आकडा त्यांना पुढचाच वाटतो.

तपासा, चढवा, विचारा

प्रत्येक बदलानंतर, अगदी एका ओळीच्याही, हा क्रम मोडू नका. आधी ‘नेम्ड-चेककॉन्फ’: काही न बोलता परत आला तर कॉन्फिग ठीक. मग ‘नेम्ड-चेकझोन’ला झोनचं नाव आणि फाइल द्या: लोड झालेला सीरियल आणि ‘ओके’ दिसायला हवं. एनएसच्या ओळीत टिंब राहिलं तर इथे बहुधा पकडलं जातं, सीनेमच्या (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या रेकॉर्डच्या) ओळीतलं मात्र बिनबोभाट निसटतं. त्यासाठी कमांडला उणे चिन्ह आणि मोठा डी जोडा. सगळी नावं पूर्ण विस्तारून समोर येतात आणि दोनदा आलेलं डोमेन लगेच नजरेत भरतं.

आता ‘आरएनडीसी रीलोड’, आणि फक्त झोन फाइल बदलली असेल तर पुढे झोनचं नाव. सर्व्हर रीस्टार्ट करू नका. रीलोडमध्ये झोन फाइल चुकलेली निघाली तरी आधीचा झोन उत्तरं देत राहतो. रीस्टार्टमध्ये कॉन्फिग चुकलेलं असेल तर सर्व्हर उठतच नाही आणि त्यावरची सगळीच डोमेन बसतात.

शेवटी थेट सर्व्हरला विचारा: ‘डिग @१२७.०.०.१ एक्झाम्पल.कॉम एसओए’. उत्तराच्या फ्लॅगमध्ये ‘एए’ (उत्तर अधिकृत असल्याची खूण) असावा आणि सीरियल नवा असावा. ‘सर्व्हफेल’ आलं तर झोन बहुधा लोडच झालेला नाही, ‘रिफ्यूज्ड’ आलं तर तो झोन या सर्व्हरला माहीतच नाही. दोन्ही वेळा ‘जर्नलसीटीएल -यू नेम्ड’ उघडा, बिघाडाचं कारण तिथे लिहिलेलं असतं. @पुढे सेकंडरीचा पत्ता देऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि मग बाहेरच्या एखाद्या मशीनवरून ‘डिग +ट्रेस’ चालवा: मुळापासून आपल्या सर्व्हरपर्यंतची वाट त्यात दिसते.

सर्व्हरचा पत्ता बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करा आणि जुना टीटीएल उलटून गेल्यावरच हलवा. आणि नवं नाव जोडताना ते रेकॉर्ड चढवण्याआधी ब्राउझरमध्ये उघडून बघू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर (वापरणाऱ्यांसाठी नावं शोधून देणारे सर्व्हर) लक्षात ठेवतात, सहसा एसओएतल्या शेवटच्या आकड्याइतके सेकंद.