पायाने चालणारा लेथ: बडोद्यात लाकूडकाम सुरू करणाऱ्यांसाठी

लाकूडकाम शिकायचंय, पण मशीन घेण्याइतके पैसे नाहीत आणि भाड्याच्या खोलीत मोटर लावली तर घरमालक चालू देणार नाही. बडोद्यात माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं-मुली याच दोन अडचणी सांगतात. माझं उत्तर आता ठरलेलं आहे. पायावर चालणारा लेथ, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून पटाशीने गोल कातायचं यंत्र, स्वतः बांधा. त्यातही आधी दोरीचा बांधा, चाकाचा मागाहून.

पायाने बराच वेळ सलग काम केलं तर निरोगी माणसाकडून साधारण ७५ वॅट शक्ती मिळते. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सुमारे ३७३ वॅट देते. म्हणजे पटाशी बोथट असली तरी मोटर ती लाकडात रेटते. पायाच्या लेथवर ती सोय नाही. धार गेली की लाकूड जागच्या जागी थांबतं. धार लावायला शिकवणारा याहून चांगला गुरू मला दुसरा माहीत नाही, आणि लाकूडकामातलं निम्मं कौशल्य धारेतच असतं असं माझं ठाम मत आहे.

दोरीच्या लेथची रचना अगदी साधी. दोन जाड फळ्या समांतर, मधे फट. त्या फटीत दोन ठेंगणे खांब बसतात आणि खालून पाचर ठोकून घट्ट होतात. दोन्ही खांबांत समोरासमोर पोलादी टोकं. १६ मि.मी.चा बोल्ट घासून टोकदार केला की काम भागतं. उजवीकडचं टोक आट्यांवर मागेपुढे होईल असं ठेवा. लाकूड या दोन टोकांत अडकवायचं. टोकांवर तेलाचा थेंब किंवा मेणाचं बोट फिरवायला विसरू नका, नाहीतर लाकूड करपतं आणि चीं-चीं आवाज येत राहतो. टोकांची उंची तुमच्या कोपराइतकी हवी. दुसऱ्याच्या मापाने बांधलेल्या लेथवर पाठ धरते, म्हणून मी कुणाला तयार मापं देत नाही. उभं राहा, कोपर वाकवा, तिथे पेन्सिलीची खूण करा.

वर छताजवळ सुमारे तीन मीटर लांबीचा लवचिक बांबू बांधतात. त्याच्या टोकापासून दोरी खाली येते, लाकडाभोवती दोन वेढे घेते आणि पेडलला जाते. भाड्याच्या खोलीत बांबू बांधता येत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या एका चौकटीला ताणून लावल्या तरी चालतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पेडलकडे उतरणारी दोरी लाकडाच्या तुमच्या बाजूने उतरली पाहिजे. तरच पाय दाबल्यावर लाकडाचा वरचा भाग तुमच्याकडे फिरेल आणि पटाशी कापेल. पाय उचलला की बांबू दोरी मागे ओढतो आणि लाकूड उलटं फिरतं. त्या वेळी पटाशी केसभर मागे घ्यायची. हातटेकावरून (पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीवरून) ती उचलायची नाही, फक्त दाब सोडायचा. पायाची आणि हाताची ही सांगड बसली की पुढचं सगळं हळूहळू जमतं. ती बसेपर्यंत नक्षीकडे वळूच नका, नुसते गोल दांडके काढा.

लाकूड ओलं घ्या. पायाच्या शक्तीला वाळलेलं सागवान फार कडक जातं. ओला कडुनिंब किंवा सुबाभूळ लोण्यासारखं सुटतं, लांब चोया निघतात. पावसाळ्याआधी शहरात फांद्या छाटतात तेव्हा मालकाला विचारून मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे मिळवता येतात. मात्र बडोद्याचा मे महिना चाळिशीपार जातो. तेव्हा ओलं लाकूड उघड्यावर ठेवलं तर दोन्ही टोकांना भेगा पडतात. टोकांना मेण लावा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. ओल्या लाकडाची वस्तू वाळताना थोडी अंडाकृती होते. लाटण्याला ते चालत नाही, म्हणून लाटणं दोनदा कातावं लागतं. आधी जाडसर, मग वाळल्यावर अखेरचं. मोगरीला (पटाशी ठोकायच्या लाकडी हातोड्याला) मात्र काही फरक पडत नाही, म्हणून पहिली वस्तू मोगरीच करावी. बाभळीचा तुकडा मिळाला तर उत्तम, पुढे वर्षानुवर्षं हाताशी राहते.

हत्यारं फार लागत नाहीत. एक रुंद गोल पटाशी, एक तिरकी पटाशी आणि एक अरुंद सरळ. उतार २५ ते ३० अंश ठेवा. विजेच्या लेथसाठी येणाऱ्या पटाशांचा उतार बहुधा जास्त उभा असतो, तो घासून कमी करावा लागतो. लेथवर चढवण्याआधी लाकूड तासून गोलसर करायला पायाने दाबणारा घोडा बांधा. त्यावर बसून तळव्याने आडवं लाकूड पुढे ढकललं की वरचा जबडा लाकडावर बसतो, पाय सैल केला की सुटतो. दोन्ही हात मोकळे राहतात. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाच्या बोटांत लाकूड धरायचे, तोच विचार इथे लाकडी जबड्यात आला आहे. घोड्यावर चालवायचा दोन मुठींचा चाकू बाजारात सहज मिळत नाही. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराकडून तो करून घ्या. ते पोलाद धार छान धरतं.

चाकाचा लेथ हा पुढचा टप्पा. त्यात लाकूड एकाच दिशेने फिरत राहतं. पेडलने फिरणाऱ्या जड चाकाचं, म्हणजे फ्लायव्हीलचं, वजन कडेला हवं, मधे नको. ६० सें.मी. व्यासाच्या चाकाच्या कडेला २० किलो वजन असेल आणि ते मिनिटाला ९० फेरे फिरत असेल, तर त्यात सुमारे ८० ज्यूल ऊर्जा साठते. पटाशी गाठीत अडखळली तरी चाक तेवढ्यावर पुढे निघतं. त्या चाकावरून १० सें.मी.च्या पुलीवर पट्टा घेतला तर लाकडाला मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास फेरे मिळतात. लहान कामाला ते पुरेसे आहेत. चाक थांबताना क्रँक (पेडलच्या वर-खाली हालचालीने चाक फिरवणारा वाकडा दांडा) नेमका वर किंवा नेमका खाली अडकला तर पेडल दाबून उपयोग होत नाही, हाताने फिरवावं लागतं. चाकावर योग्य जागी छोटं वजन बसवलं की क्रँक दर वेळी वरच्या टोकाच्या जरा पुढे येऊन थांबतो आणि पहिल्याच दाबाला चाक सुटतं. क्रँकचा आस मात्र घरी करू नका. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये तो चोख करून मिळतो. बेअरिंगही तिथेच बघा. काहीजण शिलाई मशीनचा जुना स्टँड आणतात. त्याचं चाक हलकं असतं. त्यावर नक्षीची बारीक करवत मस्त चालते, पण कातकाम दमछाक करतं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. सैल चप्पल नको, लोंबती ओढणी नको, आणि पेडल उसळून नडगीवर येणार नाही इतकं अंतर ठेवा. दर थोड्या वेळाने पाय बदला, नाहीतर कंबर एका बाजूला कलते.

संखेड्याला एकदा नक्की जा. डभोईमार्गे बसने जाता येतं, गाव ओरसंग नदीच्या काठी आहे. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवानावर लाखेचं काम करतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि केवड्याच्या पानाने घोटली की चकाकी येते. आता तिथे मोटरी आहेत, तरी कारागिराचे हात बघत शांतपणे बसा. पटाशीचा कोन बदलताना मनगट किती कमी हलतं ते पाहण्यासारखं आहे. घाईने फोटो काढून निघू नका. एखाद्या काकांना आवडलं तर ते स्वतःहून पटाशी हातात देतात.

कमाईबद्दल विचारणा होतेच. बडोद्यात नवरात्र म्हणजे दांडिया आणि उत्तरायण (पतंगांचा सण) म्हणजे फिरकी, दोन्ही कातकामाचीच. पण दांडिया पहिल्या वर्षी हाती घेऊ नका. बारीक आणि लांब काठी मधे लवते आणि पटाशीखाली थरथरते. मधे टेकू लावून कातायला सराव लागतो. मोगरी, लाटणं, भोवरे, पाळण्यावरचे खुळखुळे यांवर हात बसू द्या. प्रमाणपत्राची गरज असेल तर आयटीआयतला सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, तो चांगला पाया देतो. घरात हा पिढीजात धंदा असेल तर २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी करणारे दोन्ही बसतात. तिथे हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये मिळतात.

दांडियाची ऑर्डर घ्यायची वेळ आली की लाकूड उन्हाळ्यातच कापून टोकांना मेण लावून ठेवा. श्रावणात कापलेलं ओलं लाकूड नवरात्रापर्यंत वाळत नाही, आणि ओल्या काठीवर लाख धरत नाही.