इंधनकराऐवजी किलोमीटरमागे रस्ताशुल्क आले तर आपला हिशेब कसा मांडावा

पेट्रोल-डिझेलवर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो; विजेवरची गाडी यातले काहीच भरत नाही. इंधनकर न भरणाऱ्या अशा गाड्यांनीही रस्त्याचा खर्च उचलावा म्हणून न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून हलक्या विद्युत गाड्यांवर दर १,००० किलोमीटरमागे ७६ स्थानिक डॉलर रस्ताशुल्क लावले.

आपल्याकडे इंधनकर जाऊन सर्वच गाड्यांना असे शुल्क लागल्यास किती फरक पडेल, हे कोकणातील वाहनधारकाने आधीच काढून ठेवावे. टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा टिपावा, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना कापलेल्या अंतराला लागलेल्या लिटरने भागावे आणि लिटरमागचा एकूण कर त्या सरासरीने भागावा. कर ४० रुपये आणि सरासरी १६ किलोमीटर धरल्यास किलोमीटरमागे अडीच रुपये आपण आजच देत असतो.

घाटाचा हिशेब मात्र वेगळा करावा, कारण बहुतेक जण नेमका तोच विसरतात. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना सरासरी १० वर आली, तर तोच कर ४ रुपये होतो. अंतरावरच्या शुल्कात हा फरक उरत नाही, त्यामुळे नित्य घाट ओलांडणाऱ्याला लाभ आणि कमी इंधनात धावणाऱ्या लहान गाडीला तोटा संभवतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतले अंतर मीटरवर चढत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आंबा-मासळी वाहणाऱ्या ट्रकमालकांनी वजनानुसार चढा दर गृहीत धरावा. न्यूझीलंडमध्ये तो तसाच आहे आणि माझ्या मते न्याय्यही आहे. अंतराच्या मोजणीसाठी गाडीचा ठावठिकाणा टिपणाऱ्या उपग्रहयंत्राची (जीपीएस) सक्ती मात्र मान्य करू नये.