दुर्बीण नसलेल्या शाळेत बाह्यग्रह कसा मोजावा

आषाढ-श्रावणात जळगाव-धुळ्याचं आकाश ढगांनी भरलेलं असतं, पण बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, मोजायचं काम तेव्हाही चालतं. एप्रिल 2018 मध्ये सोडलेली नासाची टेस ही अवकाश दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे सुमारे 27 दिवस सलग पाहते. या पट्ट्याला सेक्टर म्हणतात. तिची मोजमापं मास्ट या संग्रहात सगळ्यांना मोफत मिळतात. नववी ते बारावीची तीन-चार मुलं, एक संगणक आणि मोबाइलचा हॉटस्पॉट पुरे. एका ताऱ्याची एका सेक्टरची प्रकाशवक्राची (वेळेनुसार ताऱ्याचा प्रकाश कसा बदलला त्या आलेखाची) फाइल साधारण 2 एमबीची असते.

ब्राउझरमध्येच पायथन चालवणारं गूगल कोलॅब उघडून त्यात लाइटकर्व्ह हे पायथन पॅकेज बसवा. लाइट गेली की जोडणी तुटते आणि कोलॅबमधल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर गूगल ड्राइव्हवर जतन करा.

सुरुवात माहीत असलेल्या ग्रहापासूनच करा. वॉस्प-18 हा तारा शोधा, सेक्टर 2, दर 120 सेकंदांना एक मोजमाप असलेली स्पॉक (नासाने प्रक्रिया केलेली) मालिका निवडा. दर 0.94 दिवसांनी प्रकाश सुमारे 1 टक्क्याने उतरताना दिसेल. हेच अधिक्रमण, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जातो तो काळ.

आता वक्र सपाट करा, म्हणजे ताऱ्याचे स्वतःचे सावकाश चढउतार काढून टाका. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लाइटकर्व्हमधल्या फ्लॅटन या आज्ञेची मूळ खिडकी, म्हणजे ती एका वेळी पाहते तो तुकडा, 101 बिंदूंची, म्हणजे जेमतेम 3.4 तासांची असते. वॉस्प-18 चं अधिक्रमण मात्र सुमारे 2.2 तास चालतं. एवढ्या लहान खिडकीला अधिक्रमणाचा खळगाच ताऱ्याचा चढउतार वाटतो, ती तो भरून काढते आणि ग्रह खऱ्यापेक्षा लहान निघतो. 401 ठेवा. फटकून असलेले बिंदू काढताना फक्त वरचे काढा. खालचे कापले तर ग्रहच कापला जाईल.

मग बीएलएसने (ठरावीक काळाने परत येणारे चौकोनी खळगे शोधणाऱ्या पद्धतीने) कालावधी काढा. 0.47 किंवा 1.88 आला तर तो निम्मा किंवा दुप्पट धरला गेलाय. कालावधीनुसार वक्राची घडी घाला, म्हणजे सगळे खळगे एकावर एक येतील, आणि खोली मोजा. 1 टक्का खोली म्हणजे 0.01, त्याचं वर्गमूळ 0.1, म्हणून ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या सुमारे दहाव्या भागाएवढी. हे उत्तर नीट जमेपर्यंत नवा तारा घेऊ नका.

जमलं की टेसच्या संभाव्य ग्रहांच्या यादीतला, अजून पक्का न झालेला एक उमेदवार घ्या आणि तो खोटा ठरवायचा कसून प्रयत्न करा. खरं संशोधन ते हेच. सम आणि विषम क्रमांकाचे खळगे वेगळे करून एकावर एक ठेवा. खोली वेगळी निघाली तर बहुधा ते एकमेकांना झाकणारे जोडतारे आहेत. नंतर शेजार तपासा. टेसचा एक पिक्सेल 21 विकलांचा आहे. शहाद्याहून सातपुड्याच्या उतारावरच्या दोन पाड्यांचे दिवे एकच दिसावेत, तसे त्यात शेजारचे तारे मिसळतात. टार्गेट पिक्सेल फाइल (ताऱ्याभोवतीच्या प्रत्येक पिक्सेलची मोजमापं) उघडून खळगा कोणत्या पिक्सेलमध्ये जास्त खोल आहे ते पाहा. सेक्टरच्या मध्यावर मोजमापं थांबतात त्या खंडाजवळचे खळगे मोजू नका, तिथे पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश शिरतो.

शेवटी प्रत्येक अधिक्रमणाच्या मध्याची वेळ त्रुटीसह वहीत नोंदवा. टेसच्या वेळेत 2457000 मिळवले की ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) मिळतो; तो भारतीय वेळेत बदलू नका.