बेळगाव-गोव्यादरम्यानच्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर सायकल काढताना खिशात काय, डोळ्यांवर काय

तासाभरापेक्षा मोठी राइड असेल, तर ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम मिळतात, म्हणून तासाला एक केळं आणि जोडीला गूळ-शेंगदाण्याची छोटी चिक्की पुरते. भूक लागेपर्यंत थांबू नका, पहिला घास अर्ध्या-पाऊण तासात घ्या. चिक्की घरीच बोटभर तुकड्यांत फोडून पुडीत बांधा, अख्खी वडी एका हाताने फुटत नाही. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, मात्र परतल्यावर खा. खव्यातला स्निग्धांश सावकाश पचतो, चढावर पोट जड होतं. बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घाला.

चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची आणि यूव्ही 400, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, असावी. पावसाळ्यात याच रस्त्यावरच्या कणकुंबीच्या धुक्यात गडद काच घातक ठरते, तिथे पारदर्शक किंवा पिवळी लावा. उन्हाळ्यात कॅटेगरी 3 ची गडद काच चालते, त्याहून गडद 4 ची नको, झाडांच्या सावलीत शिरताच खड्डा दिसत नाही. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणाऱ्या, काचेतून सायकल कॉम्प्युटरचा पडदा काळा दिसू शकतो, त्यामुळे दुकानात मोबाइल आडवा-उभा धरून बघा.

सावकाश चढताना वारा लागत नाही आणि काच आतून धुरकटते. वरच्या कडेला झरोके असलेली फ्रेम घ्या. हेल्मेट घालून, मान खाली वाकवून पाहा: फ्रेमची कडा भुवईला टेकली, तर घाम काचेवरच उतरणार. कोरड्या रुमालाने कधीच पुसू नका, लाल धुळीचे कण चरे पाडतात. आधी पाणी ओता.