बजेटमधला गेमिंग मॉनिटर: घरातून निघण्याआधी काय काय बघून ठेवायचं

नाशकात कॅनडा कॉर्नरला किंवा एमजी रोडला मॉनिटर घ्यायला निघायच्या आधी कॉम्प्युटरचं कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढा आणि मोबाईलचा टॉर्च लावून त्याची पाठ बघा. वरच्या भागात यूएसबीच्या शेजारी एचडीएमआय दिसेल, ते मदरबोर्डचं. त्याच्या बरंच खाली, आडव्या पट्टीवर आणखी दोन-तीन पोर्ट असतील, ते ग्राफिक्स कार्डाचे. मॉनिटरची केबल या खालच्या पोर्टातच लागते. कार्डावर पंधरा-वीस हजार घालून केबल वर खोचणारी पोरं कमी नाहीत, आणि मग गेम अडखळला की शिव्या मॉनिटरला. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल तर वरून चित्रच येत नाही, त्यामुळे ती मंडळी लवकर शहाणी होतात. पोर्टांचा फोटो काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडतो. डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्राचा दुसरा पोर्ट) असेल तर तोच वापरायचा. जुन्या लॅपटॉपवर एचडीएमआय १.४ असेल तर फुल एचडीतही (१९२०×१०८०) गाडी बऱ्याचदा १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्यावर अडते. तिथे १८० हर्ट्झचा मॉनिटर घेणं म्हणजे खोक्यावरच्या आकड्याचे पैसे भरणं.

मग कार्डाचं नाव आणि खरोखर खेळता ते गेम कागदावर लिहा. खेळायचे ठरवलेले नाही, रोज खेळता ते. व्ही-सिंक (गेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, गेममधला एफपीएसचा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याचा आकडा चालू करा आणि धुमश्चक्रीच्या वेळी तो किती खाली येतो ते बघा. जीटीएक्स १६५० सारखं साधं कार्डही व्हॅलोरंटमध्ये शंभरच्या वर आरामात जातं. नव्या, जड गेममध्ये तेच कार्ड साठसुद्धा धरत नाही. पहिल्या प्रकारचे गेम असतील तर रिफ्रेश रेटवर, म्हणजे जास्त हर्ट्झवर पैसे घाला. दुसऱ्या प्रकारचे असतील तर १०० हर्ट्झचं चांगलं पॅनेल पुरे, उरलेले पैसे पुढच्या कार्डासाठी ठेवा.

आकड्यांच्या मागे लागण्याआधी थोडा हिशेब करा. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १०० ला १० नी, १४४ ला ६.९ नी आणि १८० ला ५.६ नी. म्हणजे ६० वरून १०० वर गेल्यावर सगळ्यात मोठी उडी पदरात पडते. १४४ आणि १८० मध्ये १.४ मिलिसेकंदांच्या आसपासचा फरक राहतो. भाव सारखाच असेल तर १८० घ्या, पण त्यासाठी वेगळे हजार-दीड हजार मोजायची गरज नाही.

साइजसाठी टेप घेऊन टेबलाची खोली मोजा. सिडकोतल्या खोल्यांत टेबल दीड-दोन फुटांचं असतं आणि स्क्रीन जवळजवळ नाकाशी येते. एवढ्या अंतरावर फुल एचडीला २४ इंच बरोबर बसतं, इंचाला ९२ पिक्सेल. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की ८२ उरतात आणि अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसायला लागतात. दुकानदार ‘दादा, थोडेच पैसे वाढवा, सत्तावीसच न्या’ म्हणेल. २७ इंच घ्यायचाच तर १४४०पी (२५६०×१४४०) घ्या, फक्त त्यात फुल एचडीच्या पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल असतात आणि ते ओढायचं काम तुमच्याच कार्डाला करायचं असतं.

पॅनेलच्या प्रकाराचा निर्णय सोपा आहे: आयपीएस. व्हीए या दुसऱ्या प्रकारात काळा रंग जास्त गडद दिसतो, भयपटांना ते मस्तच. पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की मागे काळपट डाग ओढले जातात, आणि नेमबाजीच्या गेममध्ये ते फार खटकतं. खोक्यावर ‘१ एमएस’ (रंग बदलायला एक मिलिसेकंद) लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. पुढे एमपीआरटी (हलतं चित्र किती पुसट दिसतं त्याचं माप) असेल तर तो आकडा बहुधा बॅकलाइट लुकलुकवून काढलेला असतो आणि तो मोड लावला की उजेड कमी होतो. या भावातलं एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी सोय) हे बहुतेक वेळा नुसतं स्टिकर असतं. कर्व्हचं, म्हणजे वाकवलेल्या स्क्रीनचंही तेच, २४ इंचात त्याचं काही कौतुक नाही. फ्रीसिंक, म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे मॉनिटरचा वेग बदलणारी सोय, मात्र हवंच. ६० ते ९० एफपीएसमध्ये हेलकावे खाणाऱ्या कार्डाला त्याचा मोठा आधार असतो, आणि २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका व त्यापुढची कार्डंही डिस्प्लेपोर्टवरून ते चालवतात.

पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचा मोह अनेकांना होतो. रॅम, प्रोसेसर आणायला जरूर जा. पण संध्याकाळच्या गर्दीत काचेचं एवढं खोकं सांभाळत परत येण्याइतके पैसे मॉनिटरमध्ये वाचतात असं मला वाटत नाही. शिवाय काही बिघडलं तर इथल्या दुकानाच्या पायऱ्या चढता येतात.

दुकानात खोकं उघडून स्क्रीन लावून दाखवायला सांगा. मोबाईलमध्ये आणि पेनड्राइव्हवर एक पूर्ण काळं, एक पूर्ण पांढरं आणि एक राखाडी चित्र तयार ठेवा. काळ्यावर कोपऱ्यांतून फुटणारा उजेड दिसतो, पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात आणि एखादा मेला म्हणून बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधीच बघायचं. सिरियल नंबरसह जीएसटीचं बिल घ्या. वॉरंटी पॅनेलवर आहे ना, आणि नाशकात सेंटर आहे की घरून उचलून नेतात, हे तोंडी न ठेवता बिलावर लिहून मागा. ऑनलाइन मागवला तर खोकं फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

नेताना खोकं उभंच धरायचं, आडवं टाकून त्यावर हेल्मेट ठेवायचं नाही. मुंबई नाक्याच्या गर्दीतून ॲक्टिव्हावर मागच्याच्या मांडीवर नेण्यापेक्षा सरळ रिक्षा करा.

घरी जोडल्यावर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा, कारण बऱ्याचदा तो ६० वरच बसलेला असतो. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा, शेवटच्या पायरीवर हलत्या वस्तूंभोवती पांढरी कड उमटते. थर्माकोलसकट खोकं माळ्यावर टाका. बदलून घ्यायची वेळ आली तर बरेच दुकानदार आधी तेच मागतात.