आधी मोजा, मग कापा: घरखर्च कमी करताना

हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी चालते. खोलीतला दिवा चालू राहिला म्हणून घरात वादावादी होते, आणि तिकडे गीझर खुशाल तापत असतो. ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास जळतो तेव्हा कुठे एक युनिट, म्हणजे १००० वॉट तासभर चालल्याइतकी वीज, पडते. २००० वॉटचा गीझर तेवढे युनिट अर्ध्या तासात खातो. पैसा मुख्यतः तीन वाटांनी जातो: जे तापवते, जे चोवीस तास चालते आणि ज्याला व्याज लागते. बाकीची काटकसर नंतर.

सुरुवात मीटरपासून करा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा तसा काही आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा तो लुकलुकला की एक युनिट. मेन स्विच चालूच ठेवून घरातली सगळी उपकरणे बंद करा, फ्रीजचा प्लगही थोडा वेळ काढा, आणि ५ मिनिटे मोजा. समजा २० वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला २४०. भागिले ३२०० केले की ०.०७५ युनिट, अर्थात ७५ वॉट. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसरात्र चालले तर महिन्याला ५४ युनिटे होतात. मग एकेक प्लग काढत जा: टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर. रिमोटने बंद केलेले उपकरण खरे बंद नसते, बटण भिंतीवरचेच दाबावे लागते. सगळे प्लग काढूनही लुकलुकणे थांबत नसेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते, किंवा दुसऱ्या कुणाची जोडणी तुमच्या मीटरवर असू शकते. तिथे स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा.

चोवीस तास चालणाऱ्यांत फ्रीज सगळ्यात मोठा. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढून बघा. सहज सुटली तर त्या जागी रबर सैल झाले आहे. आधी कोमट साबणपाण्याने पुसून बघा, पुष्कळदा नुसता चिकटा असतो. रबर कडक झाले किंवा चिरले असेल तरच बदला. आत ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश पुरे, त्याहून गार ठेवून फक्त बिल वाढते. मागच्या जाळीवरची धूळ प्लग काढून झाडा आणि फ्रीज भिंतीला चिकटवू नका, कारण आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. रात्री फ्रीज बंद ठेवायची युक्ती मात्र करू नका. वाचते नगण्य, आणि नासलेले अन्न फेकले की हिशेब उलटाच होतो.

आता आच. पाणी उकळायला लागले की त्याचे तापमान १०० अंशांवर थांबते. ज्योत कितीही मोठी केली तरी वाफच जास्त होते, पदार्थ लवकर शिजत नाही. म्हणून उकळी फुटेपर्यंत मोठी आच, मग बारीक, आणि वर झाकण. कुकरचेही तेच. आतला दाब चढला की पाणी साधारण १२० अंशांना पोचते आणि पुढे चढत नाही. त्यानंतरच्या धडाधड शिट्ट्या म्हणजे बाहेर सोडलेला गॅस. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर तेवढी वाया. ती पिवळी पडून भांडी काळी होत असतील तर बर्नरची भोके बुजली आहेत: गॅस बंद करून, बर्नर पूर्ण थंड झाल्यावर टाचणीने मोकळी करा. गीझरमधले १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट आणि सुमारे १८ मिनिटे लागतात. तेवढाच वेळ आधी लावा आणि अंघोळी एकापाठोपाठ उरका.

नळ ठिबकत असेल तर खाली वाटी ठेवून १० मिनिटे पाणी साठवा आणि १४४ ने गुणा. १५० मिली साठले तर दिवसाला २१ लिटरहून जास्त, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. नळ आणखी जोरात आवळणे हा उपाय नव्हे, त्याने आतली बैठकच कापली जाते. मुख्य कॉक बंद करा, वायसर काढा आणि जुना सोबत नेऊन त्याच मापाचा आणा.

खरेदीत एकच सवय लावा: किंमत भागिले वजन. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त नसते. आणि आणलेल्यापैकी पाचवा हिस्सा फेकला गेला तर उरलेले सव्वापट महाग पडले.

व्याज मात्र वीज-पाण्यापेक्षा वाईट, कारण ते झोपेतही चढते आणि त्याला बटण नाही. दरमहा ३ टक्के हा आकडा लहान दिसतो, पण व्याजावर व्याज धरून १०० चे वर्षाने जवळजवळ १४३ होतात. सगळ्या कर्जांचे ठरलेले किमान हप्ते भरा आणि वर जे उरेल ते सगळे सर्वांत जास्त दराच्या कर्जात टाका, मग ते रकमेने लहान असो वा मोठे. आधी एका महिन्याचा खर्च हाताशी ठेवा, नाहीतर पहिल्याच आजारपणात तेवढेच महाग कर्ज पुन्हा काढावे लागते. हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याशी बोला. मुदत वाढवून मिळाली तर तिची किंमतही समजून घ्या: १२ टक्के वार्षिक दराने १,००,००० च्या कर्जाला ३ वर्षांत महिना सुमारे ३,३२१ आणि एकूण व्याज साधारण १९,५७० पडते, ५ वर्षे केली तर हप्ता २,२२४ वर येतो, पण व्याज ३३,४६७ होते. तेव्हा हात मोकळा झाला की जादा रक्कम भरता येईल का आणि त्यावर दंड आहे का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.